क्रियाविशेषणांच्या बाई

तिसरीच्या मुलांना 'उगाच' हा शब्द शिकवण्यात बाईंचा अख्खा तास गेला आणि शेवटी तो शब्द कुणालाच आला नाही. मी तेव्हा शाळेत नवीनच लागले होते आणि शेजारच्या वर्गात पाढे घेत होते. दोन वर्गांच्या मध्ये प्लायवुडची भिंत. बाईंकडचं सगळं माझ्याकडे ऐकू यायचं, आणि माझी मुलं सातचा पाढा म्हणता म्हणता पलीकडे कान लावून बसायची.

बाईंचं म्हणणं होतं, कुणीतरी काहीतरी उगाच करून दाखवा. एक मुलगा उठला आणि भिंतीला हात लावून आला. बाई म्हणाल्या, हे उगाच नाही झालं, मी सांगितलं म्हणून तू केलंस. दुसऱ्याने टाळी वाजवली. तेही तसंच. एका मुलीने बरंच डोकं चालवून सांगितलं की मी काहीच करणार नाही. बाई म्हणाल्या, हे तर तू चांगला विचार करून ठरवलंस. एवढ्यात घंटा झाली. मला वाटलं, झालं, संपलं.

दुसऱ्या दिवशी पलीकडे डिक्टेशन चालू होतं. मध्येच बाईंचा आवाज थांबला. मग त्यांनी विचारलं, पीहू, कुठे गेली होतीस? पीहू नावाची एक बारकी मुलगी होती, दोन वेण्यांची. मला नंतर कळलं, ती जागेवरून उठली होती, बाकाला एक फेरी मारून परत येऊन बसली होती.

"कुछ नहीं मॅम," ती म्हणाली. "उगाच."

 मग बाईंनी डिक्टेशन तिथेच सोडून दिलं आणि सगळ्या वर्गाला पीहूसाठी टाळ्या वाजवायला लावल्या. माझ्या वर्गानेही वाजवल्या. कशासाठी ते त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणजे त्या टाळ्या अगदी खऱ्या अर्थाने उगाच होत्या.

आमची शाळा कधी काळी इंदूरच्या मराठी मंडळींनी काढलेली. आता ती इंग्रजी माध्यमाची झाली आहे, मुलं सगळ्या घरांतली येतात आणि पटांगणात हिंदीच चालते; पण मराठीचा एक तास अजून टिकून आहे. तिसरीचं इंग्रजी आणि हा मराठीचा तास, दोन्ही बाईंकडे असायचे. इंग्रजीच्या पुस्तकात ॲडव्हर्बचा धडा म्हणजे जेमतेम एक पान. एक कासव, एक ससा, स्लोली, क्विकली, आणि खाली गाळलेल्या जागा. बाकीच्या शिक्षिका तो आठवड्यात उरकायच्या. बाई सत्राच्या सुरुवातीला तो काढायच्या आणि वर्षभर संपवायच्या नाहीत.

प्रिंसिपल मॅडमनी एकदा त्यांना विचारलं होतं की बाकीच्या व्याकरणाचं काय. बाईंनी शांतपणे सांगितलं की नाम आणि क्रियापद पोराला एकदा बघितलं की कळतं. "कुत्रा दिसतो, कुत्रा पळतो. संपलं. पण कसा पळतो, ते कळायला दुसऱ्यांदा बघावं लागतं. मी त्यांना दुसऱ्यांदा बघायला शिकवते, मॅडम. त्याला वेळ लागतो." त्यांच्या वर्गाचे मार्क कधी कमी यायचे नाहीत, त्यामुळे विषय तिथेच राहिला.

बाई इंदूरबाहेर राऊला राहायच्या, एकट्या. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं याच्या स्टाफरूममध्ये दोन-तीन वेगवेगळ्या हकिगती होत्या आणि त्यांतली एकही बाईंकडून आलेली नव्हती. रोज सिटी बसने यायच्या. कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, पीटीचे असतात तसे. जिना उतरताना शिट्टी वाजवायच्या. साठीला आलेली बाई शिट्टी वाजवत जिना उतरते आहे, हे बघून नवीन पालक चमकायचे. जुन्यांना सवय होती.

त्यांच्याशी बोलणं सोपं नव्हतं. कोणतीही बातमी द्या, त्यांचा एकच प्रश्न असायचा. मी एकदा सांगितलं की आज ट्रस्टचे लोक आले होते. त्यांनी विचारलं, "कसे आले?" मी म्हटलं, गाडीने. त्या म्हणाल्या, ते नाही हो. मग माझ्या लक्षात आलं, आणि आठवून आठवून मी सांगितलं की तिघे आले, दोघे घाईने वर गेले आणि एक जण मागे रेंगाळत भिंतीवरचे जुने फोटो बघत राहिले. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, आता आले बघा ते. काही जणींना याचा वैताग यायचा. मला मात्र चटकच लागली. घरी नवऱ्याने ऑफिसातलं काही सांगितलं की मीही विचारायला लागले, कसं म्हणाला तो? नवरा म्हणायचा, अरे यार, मुँह से बोला.

मुलांना शिकवायची त्यांची रीत अगदी साधी होती. एक पाण्याची बाटली घ्यायची आणि एकेकाला पुढे बोलवायचं. पाणी प्या. प्यायचं तेच पाणी, पण प्रत्येकाने वेगळ्या तऱ्हेने, आणि बाकीच्यांनी ओळखायचं. कुणी घटाघट, कुणी घोट घोट, कुणी चोरून, कुणी रुसून. रुसून पाणी पिणारा एक मुलगा होता, त्याचं ते पिणं बघायला मी मुद्दाम डस्टर मागायला गेले होते. शब्द मराठी असो, हिंदी असो, मालवी असो, बाईंना सगळं चालायचं. फळ्यावर तो लिहायचा, मग त्याला इंग्रजीत काही मिळतं का ते सगळ्यांनी मिळून शोधायचं. 'उगाच'ला शेवटपर्यंत काही मिळालं नाही.

भांडणंसुद्धा याच वाटेने मिटायची. एकदा दोन मुलं एकमेकांवर आदळली आणि एकाच्या ओठातून रक्त आलं. एक म्हणत होता मुद्दाम केलं, दुसरा म्हणत होता चुकून झालं. बाईंनी ओठावर बर्फ लावला आणि दोघांना तेच परत करायला सांगितलं; एकदा मुद्दाम, एकदा चुकून. मुद्दाम धडकणारा आधी डोळे वर करून बघतो आणि चुकून धडकणारा बघत नाही, हे वर्गानेच शोधून काढलं. मग ओठ फुटलेल्याने आपणच सांगून टाकलं की समोरच्याने बघितलं नव्हतं.

पुढे बाईंनी गृहपाठ सुरू केला. लिहायचं काही नाही, नुसतं बघून यायचं. घरी कोण काय कसं करतं ते बघा आणि सकाळी सांगा. पहिले काही दिवस मजेत गेले. आई पोळ्या फटाफट लाटते, आजोबा पेपर डुलत डुलत वाचतात. मग एका मुलीने सांगितलं की दादी तिची गोळी गुपचूप कुंडीत टाकते. बाईंनी तिच्या आईला फोन केला, दादीची चोरी पकडली गेली, आणि त्या घरातून बाईंना आभाराचे लाडू आले. दादींकडून काही आलं नाही.

त्यानंतर एक मुलगा उभा राहिला. त्याच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. तो म्हणाला, "पापा कस्टमर से प्यार से बोलते हैं और मम्मी से जल्दी-जल्दी."

त्याने ते अगदी सहज सांगितलं होतं, जसं कुणी आजोबांच्या डुलण्याचं सांगावं. बाईंनी मान हलवली आणि पुढच्या मुलाला उठवलं. पण तोच मुलगा घरी जाऊन जेवताना वडिलांना म्हणाला की आज मी तुमच्यावर वाक्य केलं, आणि दोन दिवसांनी वडील शाळेत आले.

प्रिंसिपल मॅडमच्या खोलीत मलाही बोलावलं होतं, कारण तो मुलगा गणिताला माझ्याकडे असायचा. वडील रागावलेले होते, पण आवाज चढवत नव्हते. त्यांचं म्हणणं एवढंच की आम्ही मुलाला शिकायला पाठवतो, घरावर पाळत ठेवायला नाही. बाई सगळं ऐकून घेत होत्या. मग त्यांनी विचारलं, मुलगा चुकीचं बोलला का? 

"बात सही-ग़लत की नहीं है, मैडम," वडील म्हणाले. "बात घर की है."

मला वाटलं बाई आता काहीतरी सुनावतील. त्या बोलण्यात कमी नव्हत्या. पण त्या विचारात पडल्या, आणि मग म्हणाल्या की हे तुमचं बरोबर आहे, घर तुमचं आहे आणि मी तुम्हाला विचारलं नव्हतं. त्यांनी हात जोडले. ते गृहस्थही गडबडले. ते भांडायच्या तयारीने आले होते आणि भांडण झालंच नाही. जाताना दारात थांबून म्हणाले की तसा मुलगा हुशार आहे.

खोलीतून बाहेर पडल्यावर मी बाईंना विचारलं, आता काय करणार? त्या म्हणाल्या, बघायचं तर आहेच. पण ज्याला बघायचं त्याची परवानगी पाहिजे. "मी माझी परवानगी देते. उद्यापासून त्यांनी मला बघावं."

असं मुलांचं बाईंना बघणं सुरू झालं. रोज सकाळी हजेरी झाली की आदल्या दिवशी बाईंनी काय कसं केलं ते मुलं सांगायची आणि बाई ते निमूटपणे फळ्यावर लिहायच्या. मॅम चहा फुंकून फुंकून पितात. मॅम चष्मा रागाने काढतात आणि प्रेमाने घालतात. मॅम प्रिंसिपल मॅडमशी सरळ उभं राहून बोलतात आणि आमच्याशी वाकून. मधल्या सुट्टीत बाई मला हे सगळं सांगायच्या. एवढी वर्षं मी स्वतःबरोबर राहते आहे आणि मला यातलं निम्मंही ठाऊक नव्हतं, म्हणायच्या.

दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या वाक्यांचा सूर बदलला. मला ते सुरुवातीला कळलं नाही, कारण भिंतीपलीकडून बाईंचा आवाजच पूर्वीसारखा येत नव्हता. माझी मुलं आपोआप पाढ्यांकडे लक्ष देऊ लागली होती आणि मला वाटत होतं की माझी शिकवणी सुधारली.

एके सकाळी मी खडू आणायला त्यांच्या वर्गात गेले. फळ्यावर वाक्यं चालली होती. एक मुलगा सांगत होता की मॅम आजकाल हळू बोलतात. दुसरा म्हणाला, मॅम शिट्टी वाजवतात पण बिनआवाजाची. मग एका मुलीला बहुतेक नीट सांगता येत नव्हतं, ती अडखळली, मग म्हणाली, "मॅम, आप बिना हँसे मज़ाक़ करती हो." वर्ग हसला. बाई लिहीत होत्या. मग पीहू उठली. ती नुसती सांगून थांबली नाही, बाकांच्या मधून चालून दाखवलं तिने. उजवा हात पुढे-मागे हलत होता आणि डावा अंगाला चिकटून होता.

"एक हाथ चलता है, मॅम," ती म्हणाली. "दूसरा चुपचाप साथ में जाता है."

बाईंनी तेही लिहिलं. शेवटच्या बाकावरून कुणीतरी तक्रार केली की मॅम, दिसत नाही, तुम्ही सुरुवातीला मोठं लिहिता आणि मग छोटं छोटं होत जातं. तेव्हा बाई दोन पावलं मागे सरल्या आणि फळ्याकडे बघत राहिल्या. मीही बघितलं. पहिली ओळ नेहमीच्या त्यांच्या ठसठशीत अक्षरात होती. प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे जाताना बारीक होत गेली होती, आणि सगळ्यांत खालची तर मुंग्यांची रांग असावी तशी दिसत होती.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत बाईंनी डबा उघडला नाही. मला म्हणाल्या, जरा व्हरांड्यात चला, मी चालते, तुम्ही मागून बघा आणि खरं सांगा. त्या व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. पांढरे बूट फरशीवर घासले जात होते. डावा हात पीहूने दाखवला होता अगदी तसाच अंगाला चिकटलेला. चेहरा मात्र शांत होता. त्या घाबरलेल्या होत्या हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं आणि चेहऱ्यावर त्यातलं काहीच नव्हतं. बिना हँसे, असं ती मुलगी म्हणाली होती. हसण्यापुरतं नव्हतं ते, सगळा चेहराच हलायचा थांबला होता.

मी म्हटलं, मुलं बरोबर सांगतात.

"हूं," बाई म्हणाल्या. "इंटरेस्टिंग आहे."

मीच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. मेंदूविकाराचे डॉक्टर, बाहेर बेटमा, मानपूर, कुठून कुठून आलेल्या लोकांची गर्दी. त्यांनी बोटं आपटायला लावली, खुर्चीतून उठवलं, चालवलं, कागदावर एक ओळ लिहून घेतली. बाईंनी त्यांना मुलांची वाक्यं एकेक करून सांगितली. डॉक्टर म्हणाले, मी जे जे तपासलं ते बहुतेक यात आलं. कोण बघत होतं तुम्हाला? बाई म्हणाल्या, तिसरी 'ब'.

पार्किन्सन्स निघाला. मराठीत त्याला कंपवात म्हणतात, पण बाईंचं काहीच कापत नव्हतं, म्हणून तर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. सगळ्यांना वाटत होतं वय झालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं की आजार जाणार नाही, पण लवकर आलात ते चांगलं झालं. मग व्यायामाचं समजावलं. मोठ्याने बोलायचं. मोठं लिहायचं. लांब पावलं टाकायची. तुमचं शरीर आता सगळं आपोआप लहान करून टाकेल, तुम्ही ते प्रत्येक वेळी ठरवून मोठं करायचं.

 परत येताना रिक्षाने पलासिया चौक ओलांडल्यावर बाई मला म्हणाल्या, "काय करायचं ते काहीच बदललं नाही बघा. बोलायचं, लिहायचं, चालायचं, तेच आहे." 'कसं' तेवढं बदललं, हे त्यांनी मला सांगायची गरज नव्हती. 

प्रिंसिपल मॅडमना वाटत होतं की मुलांना काही सांगू नये, उगीच पालकांपर्यंत जाईल. बाई म्हणाल्या, ज्यांनी शोधलं त्यांच्यापासूनच लपवायचं? त्यांनी वर्गाला सांगून टाकलं की तुम्ही बघितलं ते बरोबर होतं, मला एक आजार झाला आहे, तो लागत नाही कुणाला, आणि मी औषध घेते आहे. मुलांनी नेहमीचे प्रश्न विचारले. दुखतं का. इंजेक्शन असतं का. एकाने विचारलं की तुम्ही मरणार का. बाई म्हणाल्या, सगळेच मरतात, पण याच्यासाठी मला घाई नाही.

पीहूने काही विचारलं नाही. त्या दिवसापासून तिने वर्गात तोंडच उघडलं नाही. वाक्यांची पाळी आली की मान खाली घालायची. आठवड्याने तिच्या आईचा फोन आला की मुलगी सकाळी शाळेत यायला रडते आहे. आईने खोदून खोदून विचारलं तेव्हा पीहूच्या मनातलं निघालं ते असं, की मॅमचा हात खराब आहे हे मी बोलले आणि मग तो खराब झाला.

हे ऐकून बाई हादरून गेल्या. स्वतःच्या आजाराने त्या इतक्या हलल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी पीहूला थांबवून घेतलं. मीही तिथे होते, बाईंनीच मला थांबायला सांगितलं होतं. आपला आवाज लहान मुलीला पोचला नाही तर कुणीतरी असावं म्हणून.

बाईंनी तिला विचारलं, आत्ता घंटा झाली ती तू ऐकलीस ना? पीहूने मान हलवली. मग वाजवली कुणी? पीहू म्हणाली, भैयाने. शाळेच्या शिपायाला सगळे भैया म्हणत. बाई म्हणाल्या, तू ऐकलीस म्हणून ती वाजली नाही. ती वाजत होती, म्हणून तुला ऐकू आली. हाताचंही तसंच.

पीहूला ते कळलं असावं, पण पटलं नव्हतं. ती बाईंच्या डाव्या हाताकडेच बघत होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "मैं बोलूँ तो ठीक भी हो जाएगा?"

 मी खिडकीकडे तोंड केलं. मग बाई म्हणाल्या की पूर्ण ठीक होणार नाही, खोटं कशाला सांगू. पण तू बोललीस तर थोडं ठीक होईल. त्यांनी तिला फळ्याजवळ उभं केलं आणि लिहायला सुरुवात केली. ओळ मध्यावर आली तशी अक्षरं बारीक व्हायला लागली. "आता बोल," बाई म्हणाल्या.

पीहू पुटपुटली, "बड़ा, मॅम."

बाईंचा हात थांबला, आणि पुढचं अक्षर मोठं आलं. मग परत बारीक व्हायला लागलं. या वेळी कुणी न सांगताच पीहूने चांगलं ठणकावून म्हटलं. ओळ फळ्याच्या कडेपर्यंत मोठीच्या मोठी गेली. पीहूने ती आधी बघितली, मग बाईंकडे बघितलं, आणि जागच्या जागी एक छोटी उडी मारली.

त्यानंतर त्या वर्गात जे चालायचं त्याला मी काय नाव देऊ? शिकवणं म्हणावं की उपचार, मला अजून ठरवता आलेलं नाही. बाई फळ्यावर लिहायला लागल्या की वर्ग म्हणायचा, बड़ा. आवाज बसला की म्हणायचा, मोठ्याने. आणि बाकांच्या मधून फिरताना बूट घासला की मुलं म्हणायची, लंबा, मॅम, लंबा. रागावून नाही, चिडवून नाही. पाढे म्हणतात त्या सुरात. बाईंचा आवाज पुन्हा प्लायवुडमधून येऊ लागला आणि माझी मुलं पुन्हा कान लावून बसू लागली. एकदा तपासणीला आलेले एक साहेब दारात उभे राहून हे ऐकत होते. त्यांनी मला विचारलं, ये क्या हो रहा है? मी म्हटलं, ॲडव्हर्ब. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या वर्गात गेले.

बाईंनी पुढचं सत्रही पुरं केलं, खालच्या मजल्यावरच्या खोलीत. त्यानंतर मात्र बस चढणं जमेना आणि त्यांनी स्वतःच शाळा सोडली. निरोपसमारंभ नको म्हणाल्या. तिसरी आता माझ्याकडे आहे.

महिन्या-दोन महिन्यांनी मी राऊला जाते. त्यांचं बैठं घर आहे, आता दोन्ही बाजूंनी मल्ट्या, म्हणजे बहुमजली इमारती, उठल्या आहेत. आत एका फळीवर बुद्धाची लहानशी मूर्ती आणि शेजारी त्यांच्या वडिलांचा फौजेतल्या गणवेशातला फोटो. वडील महूच्या लष्करी छावणीत हवालदार होते, आणि बाई तिथल्याच लाइनीत, फौजी क्वार्टरांत, वाढल्या. बाई आजाराबद्दल बोलतात ते एखाद्या नवीन शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं. आता तो काय करतो आहे, कधी येतो, कशाला घाबरतो. अलीकडे पाय अचानक जमिनीला चिकटतात, म्हणाल्या. वळताना, अरुंद जागेत, घाईत. "मी निघालेली असते, पाय निघालेला नसतो. फार मजेशीर आहे. म्हणजे मजेशीर नाही. पण बघण्यासारखं आहे."

गेल्या खेपेला आम्ही गल्लीच्या पलीकडे भाजीच्या गाडीकडे निघालो होतो. गिलकी, म्हणजे घोसाळी, घ्यायची होती. गल्लीच्या बरोबर मध्ये बाई थांबल्या. मला वाटलं काही आठवलं. मग बघितलं तर टाचा उचलल्या जात होत्या आणि बोटं जमिनीवरच. एक स्कूल व्हॅन आली आणि आमच्यापुढे करकचून थांबली. मी त्यांचं कोपर धरायला गेले. त्या म्हणाल्या, धरू नका, तोल जातो. त्या स्वतःशीच काहीतरी म्हणत होत्या, पण आवाज इतका खोल गेला होता की मलाही ऐकू येईना. मी कान जवळ नेला. "तेज़ चल," असं म्हणत होत्या त्या. वडील परेड घेताना द्यायचे ती ऑर्डर.

व्हॅनवाला तरुण होता, चांगला होता. त्याने हॉर्न वाजवला नाही, इंजिन बंद केलं, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाला, "आराम से, माताजी. आराम से."

बाईंनी मान त्याच्याकडे वळवली. "आराम से नाही, भिया," त्या म्हणाल्या. तेवढं मात्र ऐकू आलं. "आराम से बोला, तो पाँव रुक जाता है. ज़ोर से बोलो. तेज़ चल."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बोलो. तो संकोचला. मग हळूच म्हणाला, तेज़ चलिए, माताजी. पाय हलला नाही.

"चलिए नहीं," बाई म्हणाल्या. "चल."

तो बिचारा स्टिअरिंगकडे बघायला लागला. आईच्या वयाच्या बाईला असं कसं म्हणायचं, ते त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मागे बसलेली मुलं खिडक्यांना नाकं लावून बघत होती. शेवटी त्याने डोळे मिटून घेतले आणि सगळी गल्ली दणाणेल असं ओरडला, "तेज़ चल."

बाईंचा पाय उचलला गेला. मग दुसरा. पांढरे बूट लांब लांब पडत भाजीच्या गाडीपर्यंत गेले आणि मी मागून जवळजवळ पळत. पलीकडे पोचल्यावर बाईंनी वळून त्याला हात केला, आणि त्याने, अजून लाजतच, व्हॅन सुरू केली.